हाताने ऐकलेला धबधबा

बाबा,

परवा आईला घेऊन धबधब्यावर जाऊन आले. आलापल्लीच्या पुढचा, ज्याचा नाद तुम्ही शेवटपर्यंत सोडला नाही, तोच. तुमचे कान वीज केंद्रातल्या टर्बाइनच्या आवाजात कधीच गेले होते, आणि आई तुम्हाला चिडवायची, "काऊन जाचं हाये तिथी? ऐकू तं काई येत नाई." तुम्ही हसून तळवा दाखवायचात. "कान गेले तं गेले, हात हाये नं. एवढं मोठं पाणी मले ऐकू येते का नाई, एकदा पाहाचं हाये." ते पाहायचं राहूनच गेलं.

त्या टर्बाइनपाशी बोलणं ऐकू येत नाही म्हणून तुम्ही सगळे कामगार खुणांनी बोलायचात, आणि त्या खुणा तुम्ही ऊर्जानगरच्या आपल्या क्वार्टरमध्ये घेऊन आलात. पोटावर हात फिरवला की जेवण झालं का, मूठ फिरवली की नळ बंद कर, अंगठा वर म्हणजे मशीन नीट चालू आहे, काळजी नको. मला खोकला झाला की पाठीवर तळवा ठेवून तुम्ही सांगायचात, "उतरून राह्यला." अशी भाषा अख्ख्या कॉलनीत कुणाच्या घरी नव्हती आणि मला त्याचा केवढा तोरा होता! तुम्ही गेल्यावर आईने मात्र एकही खूण केली नाही.

धबधब्याच्या अलीकडे वाट दाखवणाऱ्या गावातल्या बाईने आम्हाला थांबवलं. "चपला इथीच काढा बाई, पुढं देवाची जागा हाये." काढल्या. वळणापुढे गेलो आणि माझं तोंड उघडंच राहिलं. एवढं पाणी, एवढ्या उंचावरून, आणि थांबायचं नावच नाही! नागपूरहून आलेली माणसं एकमेकांच्या कानाशी घसा फोडत होती, "काय? काय म्हटलं?" मी आईकडे पाहून पोटावर हात फिरवला. आई क्षणभर गोंधळली, मग हसली आणि हातानेच म्हणाली, आधी तू खा. त्या गर्दीत आम्ही दोघीच निवांत गप्पा मारत होतो. टर्बाइनवाल्याच्या घरच्या बायका आहोत, उगाच नाही.

आणि बाबा, पाणी ऐकू येतं. अनवाणी पायांखाली सबंध कातळ थरथरत होता. मी वाकून त्यावर तळवा टेकवला, मग आईचा हात धरून तिचाही टेकवला. ती डोळे मिटून बराच वेळ तशीच बसून राहिली. उठली तेव्हा तिने पाण्याकडे बघत अंगठा वर केला.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून सांगते. तो अंगठा माझ्यासाठी नव्हता, हे मला कळलं होतं. तरी तुमच्या वतीने मी माझा वर केला.