झुरळांचं औषध

ताई,

तुमच्या आई सुखरूप आहेत, हे आधीच सांगते!

आमचा अबोला तुम्हाला ठाऊकच आहे. दोघी बोलतो ते मांजराला सांगून. आज सकाळी आई म्हणाल्या, "मने, औषध कुठं ठेवलंय म्हणावं?" झुरळांचं औषध मी कालच आणलेलं. मला वाटलं, तेच विचारताहेत. मीही ठसक्यात म्हटलं, "मने, ओट्यावर आहे म्हणावं." आणि आईंनी चष्मा न लावता, खोकल्याचं समजून, चमचाभर तोंडात घातलं!

"आई, थुंका!" मी एवढ्या मोठ्यांदा ओरडले की मनी फ्रिजवर चढली. डॉक्टरांना फोन लावला. "आईंनी औषध घेतलं हो!" तर म्हणतात, "घेतलं ना? मग छान झालं!" मी किंचाळले, "झुरळांचं!" तेव्हा कुठे ते हादरले. "चूळ भरायला लावा, ओकवू नका, बाटली घेऊन लगेच या." शेजारच्या काकू ओकवायला मिठाचं पाणी घेऊन धावल्याच होत्या. त्यांच्या हातातून पेलाच काढून घेतला!

दिवसभर दवाखान्यात होतो. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, धोका टळला. मी ढसाढसा रडले. मनी घरी होती, त्यामुळे आईंचा नाइलाज झाला. सरळ माझ्याकडे बघून म्हणाल्या, "झुरळं तरी मेली का गं?"

मग हळूच म्हणाल्या, "लेकीला कळवू नकोस हं. ती मला तिच्याकडे घेऊन जाईल."

ताई, म्हणून हे पत्र तुम्हाला मिळणार नाही.

तुमची,
मांजराची सुट्टी केलेली वहिनी