गैरहजेरीचं कारण

४ जानेवारी १९५८, शनिवार

विद्यापीठाच्या कार्यकारी मंडळाची सभा. दिवाळीपासून मंडळावर आहे, पण खुर्ची अजून सरावाची झाली नाही. सगळे कोट-टोप्या, मी एकटी लुगड्यातली. कुलगुरू सभा सुरू करताना 'जंटलमेन' म्हणतात, मग दचकून माझ्याकडे बघतात आणि 'आणि बाई' असं जोडतात.

आज हजेरी-माफीचे अर्ज होते. ज्यांची हजेरी कमी भरली त्यांना परीक्षेला बसू द्यायचं की नाही, हे मंडळ ठरवतं. नियमात दोनच कारणं बसतात: स्वतःचा आजार, नाहीतर जवळच्या माणसाचा मृत्यू. कचेरीनं अर्जांचा इंग्रजीत गोषवारा करून दिलेला. कुलसचिव भराभर वाचत होते. टायफॉइड, मंजूर. वडील वारले, मंजूर. मग 'डोमेस्टिक डिफिकल्टी'. मंडळावरचे वकीलसाहेब म्हणाले, "डिफिकल्टी कुणाला नसते? मला तर रोज असते." सगळे हसले. फेटाळला. आणि मग नाव वाचलं. शेवंता! माझ्या शाळेत शिकलेली, इथली, चिंचवडची!

मी उठून "थांबा हो" म्हणेपर्यंत पुढचा अर्ज आला. कुलगुरू म्हणाले, "बाई, ठराव झाला."

येताना गाडीत फार चिडचिड झाली. त्या पोरीला कसली आलीय डिफिकल्टी? मला बोलली का नाही?

५ जानेवारी, रवि.

शे.कडे गेले. गावठाणातली एक खोली, नवरा पिंपरीच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला. ती उंबऱ्याशी बसून बाजरी निवडत होती. मला बघून उठली. मी बसायच्या आधीच विचारलं, "अर्जात काय लिहिलंस तू?"

"घरगुती अडचण, बाई."

म्हणजे मराठीत तसं लिहिलं होतं. अडचण! तो शब्द मराठीत वाचला असता तर त्या टेबलावर निदान मला तरी कळलं असतं की ही बायकांतली गोष्ट आहे. कचेरीतल्या कुणीतरी त्याची डिफिकल्टी केली आणि वकीलसाहेबांना विनोद सुचला.

दार लोटून घेतलं तिनं. मग सांगितलं. भादव्यात, चऱ्होलीला सासरी. सातवा महिना. मुलगा. रडलाच नाही. सासऱ्यांनी फडक्यात गुंडाळून नदीच्या कडेला नेऊन पुरला. डॉक्टर नव्हता, गावची सुईण. गावात सांगितलं, सुनेला हिवताप झालाय.

"मग अर्जात हिवताप लिहायचास. नियमात बसला असता."

"खोटं कसं लिहू? आणि खरं लिहवेना."

सासू म्हणते, कॉलेजला जाता-येता गाडीच्या हिसक्यांनी झालं, पुस्तकांनी झालं. गावाला कळलं तर गाव हेच म्हणणार. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, तिची बाजू धरून बायकोला शब्द दिलाय: यंदा इंटरची परीक्षा पास झाली तर पुढं शिकेल, नाही झाली तर पुस्तकं बंद. आबा दिल्या शब्दाला पक्के. त्याचंच भय.

घरी येऊन जेवण गेलं नाही.

६ जाने., सोम.

शाळा अर्धी टाकून विद्यापीठात. कुलसचिव भले गृहस्थ, पण नियमापुढं त्यांना माणूस दिसत नाही. झालेला ठराव पुन्हा घ्यायचा तर फेरविचाराची लेखी सूचना हवी, अनुमोदक हवा, नवं कारण हवं. नवं कारण सभेत सांगितलं तरी चालेल. अनुमोदक कोण मिळणार? शेवटी वकीलसाहेबांनाच पकडलं. कारण न विचारता सही केली. म्हणाले, "परवा हसलो ते बरं नाही झालं." माणूस वाईट नाही.

१२ जाने., रवि.

टांग्यानं भोसरी, पुढं चऱ्होलीपर्यंत बैलगाडी. हाडं खिळखिळी झाली. आबा गोठ्यात होते. मला बघून हात धुऊन आले, घोंगडी टाकली. सभेत खरं कारण सांगणार आहे, असं म्हटलं. 

"समदी बापय मानसंच ना तितं?"

"हो. मी एकटी बाई."

"मंग कसं बोलनार तुमी?"

मी म्हटलं, बोलेन. म्हणाले, "बोला. पर गावात न्हाई कळलं पायजे. पोरीला लई बोलत्याल." मग उठून वैरण टाकायला गेले. तिथूनच, पाठ करून, म्हणाले, "माज्या हातानं ठिवला मी त्याला. नाक पार आमच्या नामासारखं हुतं."

नामा म्हणजे त्यांचा मुलगा, शे.चा नवरा.

सासूबाई आतून बाहेर आल्याच नाहीत. चहा मात्र पाठवला, गुळाचा.

२१ जाने.

शे. शाळेत येऊन गेली. इंटरचं तर्कशास्त्र विचारायला, असं म्हणाली. पुस्तक उघडलंच नाही. जाताना, "बाई, सभेत सांगाल ना, तेव्हा 'पडलं', 'गेलं' असं नका म्हणू. मुलगा झाला, असं म्हणा. झाला होता तो."

मी हो म्हटलं. ती गेल्यावर वर्गावर जाणं जड गेलं. सहावीच्या पोरींनी गोंधळ घातला, ओरडले त्यांच्यावर, उगाच.

१ फेब्रुवारी, शनि.

सभा. आपला विषय शेवटचा. पदवीदानाच्या झग्याची पट्टी केशरी असावी की हळदी, यावर दुपार गेली. एकानं धर्मग्रंथ काढले, दुसऱ्यानं कापड टिकतं कसं ते. नमुन्याचं कापड हातोहात फिरलं, माझ्यापुढंही आलं. "बाईंना रंगातलं कळेल." मी म्हटलं, मला काही कळत नाही. शेवटी उपसमिती नेमली. मग दोघातिघांची गाडी होती, ते उठले, गणसंख्या मोडली, उरलेले विषय तहकूब.

तिच्या परीक्षेचा अर्ज घ्यायची मुदत १ मार्च. मंडळाची पुढची सभा १५ फेब्रु.

जिना उतरताना रडू आलं. फार दिवसांनी. शिपायानं पाणी आणून दिलं.

१५ फेब्रु., शनि.

झालं. नीट लिहून ठेवते.

विषय निघाला. कुलगुरू म्हणाले, "बाईंनी नवं कारण सांगावं." सगळं इंग्रजीत चाललेलं. मी रात्री इंग्रजी वाक्यं जुळवली होती, ती तोंडातून निघेनात. मराठीत म्हटलं, "तिला भाद्रपदात मुलगा झाला. सातव्या महिन्यात. जिवंत नव्हता."

 कुणी चष्मा पुसला, कुणी छताकडे पाहिलं. कुलगुरूंनी हातानंच खूण करून चहा घेऊन आलेल्या शिपायाला बाहेर घालवलं. जसं मी काही ओंगळ बोलले.

मंडळावरचे डॉक्टर पहिले बोलले. "बाळंतपण हा आजार नव्हे. नैसर्गिक क्रिया आहे." खरंच आहे ते.

मी म्हटलं, "मग मृत्यू धरा. जवळच्या माणसाचा मृत्यू, हे नियमात आहे."

वकीलसाहेब बिचकत म्हणाले, "जन्माची नोंद आहे का, बाई? कायद्यानं जो जन्मलाच नाही तो वारला, असं लिहिता येत नाही." त्यांचाही आवाज खाली गेला होता.

मला इतका संताप आला. म्हटलं, "त्याच्या आजोबांनी त्याला पुरलाय. न जन्मलेल्याला कसं पुरतात?"

 मग कुलगुरूंनी तोड काढली. मुलीनं नवा अर्ज द्यावा, कारण 'प्रकृती अस्वास्थ्य' एवढंच. बाळाचा उल्लेख नको. मंडळ सहानुभूतीनं विचार करून माफी देईल, आजच ठराव करून ठेवू. तिची सही आली की लागू. डॉक्टर म्हणाले, सर्टिफिकेट मी देतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकमतानं मंजूर.

मी म्हटलं, इतिवृत्तात खरं कारण घ्या. कुलगुरू हळू म्हणाले, "बाई, इतिवृत्त छापून कॉलेजांत जातं. उद्या तिच्या गावचा एखादा वाचेल. तिचंच भलं बघा."

बरोबर बोलले. आबांनीही हेच मागितलं होतं. मंडळातला एकही माणूस आज वाईट वागला नाही.

तरी आनंद होईना. गाडीत मनाला बजावत होते, जिंकलीस गं बाई तू.

१६ फेब्रु., रवि.

शे.ला सांगितलं. नामा घरी होता, त्यानं देवापुढं साखर ठेवली. म्हणाला, "बाई, तुमचे उपकार." ती स्वयंपाकाच्या कोपऱ्यात उभी. "काय लिहायचं?" मी सांगितलं. "एवढंच?" "एवढंच." "त्याचं नाही?"

"नाही गं."

"बरं," म्हणाली. चहा केला. मला वाटलं झालं.

२२ फेब्रु., शनि.

सहीसाठी कागद तिच्याकडे देऊन आठवडा होत आला. आज गेले. सही नाही. मी विचारलं, शाई नाही का? तर म्हणे आहे.

"मी आजारी नव्हते, बाई."

मी समजावलं. शब्द आहे, शब्दाला काय धरून बसायचं. अंगात ताप भरलाच असेल, अशक्तपणा होताच, खोटं कुठं आहे? माझ्याच शाळेत मी पोरींचे एका शब्दावरून गुण कापते.

ती भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "सासूबाईंनी गावात हिवताप सांगितला. तुमच्या सभेत आजार. ह्यांनी कारखान्यात सुट्टी काढली ती गणपतीला गावी जायचं म्हणून. मग तो कुठं होता? एका तरी कागदावर असू दे की."

नामा म्हणाला, "येड्यासारखं करू नगंस." मग त्याचे डोळे भरले आणि तो बाहेर गेला.

 घरी आले. तिचा रागही आला. मी चऱ्होलीपर्यंत हाडं मोडून गेले, बापयांत उभी राहून बोलले, ते कशासाठी?

२५ फेब्रु.

आबा आले, चालत. पागोट्यात धूळ. शाळेच्या पडवीत बसले. कुणी कळवलं कोण जाणे.

"बाई, सई करू दे तिला. तुमचं ऐकंल. माझा शबुद हाय म्हातारीपाशी, मला मागं न्हाई फिरता यायचं."

"तुम्ही सांगा ना तिला."

"मी कसं सांगू? मीच ठिवला त्याला. मी म्हनू, व्हय, आजार हुता?"

पाणी प्यायले आणि तसेच परत निघाले. टांगा करून देते म्हटलं, नको म्हणाले.

२८ फेब्रु., शुक्र.

उद्या मुदत संपते. दुपारी शे.कडे. कागद सतरंजीवर आमच्या दोघींच्या मधे. पिंपरीचा भोंगा झाला, नामा यायची वेळ. मी म्हटलं, परीक्षा दे, पुढं शीक, मोठी हो, मग तूच मंडळावर ये आणि नियम बदल. माझं मलाच भाषण वाटलं.

ती म्हणाली, "बाई, तुम्ही माझ्या जागी असता तर केली असती सही?"

मी विधवा झाले तेव्हा वीस वर्षांची होते. मूल नव्हतंच. शिकायला मिळालं म्हणून जगले. मी असते तर डोळे मिटून केली असती, आणि तिला तसंच सांगितलं. खरं तेच सांगायला हवं होतं ना.

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. कीव आल्यासारखी. मग म्हणाली, "उद्या सकाळी या. सांगते."

उठताना तिनं मला हात दिला. तिचा हात गार होता. तिनं सही करावी असं मला अजून वाटतं, तिनं केली तर मी तिला परीक्षेला सोडून येईन, पेपर सुटेपर्यंत बाहेर थांबेन. आणि न करता ती दारात उभी दिसली तर तिला जवळ घ्यावं असंही वाटतं. दोन्ही एकदम वाटतं, त्याचं काय करायचं कळत नाही.

सकाळी जायचं आहे. कुलसचिवांना सांगून ठेवलंय, कचेरी बंद होईपर्यंत वाट पाहतील.