पणजोबांची विहीर

रविवार, संध्याकाळ. मनीषनगर

रामटेकजवळच्या आमच्या मूळ गावी जाऊन आले. पणजोबांनी तिथलं जंगल तोडून पहिलं धान पेरलं, मग गावचे पाटील झाले, एवढंच घरात ऐकलेलं. त्यांची विहीर काठोकाठ भरलेली, पण पाणी कोणीच भरत नाही. का? शेजारच्या नव्वदीच्या म्हातारीला विचारलं.

"खोदताना माती खचली, वं. माहा बाप खालीच राहिला. पाटील म्हने, काढाले वेळ नाही, वरूनच बांधून घ्या."

म्हणजे त्या पाण्यात, दगडांआड, तो अजून...

"तू कोनाची वं?"

"अशीच, रामटेकला दर्शनाला आलेली."

तिनं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"खोटं काहून बोलून राहिली? तोंड त्या पाटलाचंच हाय तुहं."

घरी आल्यापासून आरशासमोर गेलेली नाही.