सरांचा एकटा तारा

३ मार्च
आकडे जुळले. जुळायला नको होते!

सरांचा तारा — सूर्याच्या तीसपट वजनाचा, आसपास कुणी नाही. एवढे दांडगे तारे गर्दीतच जन्मतात, कोवळ्या तारकागुच्छात नाहीतर सैल घोळक्यात, असं सगळे म्हणतात. सर तीस वर्षं एकटे भांडतायत — "हा इथेच जन्मला. एकटा!" आणि आज नव्या मोजणीवरून मी त्याची वाट उलटी चालत गेले, तर वीस लाख वर्षांपूर्वी तो थेट शेजारच्या गुच्छाच्या पोटात! म्हणजे तिथून फेकला गेलेला. पळपुटा.

कुणाला सांगू?

४ मार्च
लांबूला दाखवलं — शेजारच्या टेबलावरचा, दारातून वाकून येतो तो. त्यानं माझाच प्रोग्रॅम पुन्हा चालवला. तेच उत्तर.

"सोळाला सरांचा सत्कार आहे ना? भाषणही याच ताऱ्यावर. आधी सांग, नाहीतर भर सभेत तोंडघशी पडतील."

सांग म्हणे! मुलाखतीत मी तत-पप करत होते तेव्हा "घाबरते म्हणजे तपासून बघेल, घ्या हिला" म्हणाले ते सरच. निवृत्त झाले तरी माझे सरच.

७ मार्च
नाही गेले. अंगात कणकण आहे असं स्वतःलाच पटवलं.

९ मार्च
गेले. सरांच्या घरी काकूंनी दार उघडलं. "बरं झालं आलीस, यांच्या भाषणाची तालीम ऐकून कान किटले माझे." सर खुशीत. मी कागद पुढे केले.

चहावर साय धरली तरी मान वर नाही. मग —

"कुणी सांगितलं हे करायला?"

"कुणी नाही, सर."

"मग का केलंस?"

मी चहाचा कप उचलून परत ठेवला.

"जा आता."

काकू फाटकापर्यंत आल्या.

१२ मार्च
फोन नाही. जीव टांगणीला. लांबू म्हणतो, "खरं तेच बोललीस." मग मी सारखा फोन का बघतेय?

१६ मार्च
सभागृह खच्चून भरलेलं. सर उठले. खिशातून भाषण काढलं, घडी न उलगडताच परत ठेवलं.

"तीस वर्षं मी चुकत होतो. हे माझ्या विद्यार्थिनीनं दाखवलं. उभी राहा गं."

राहिले. टाळ्या थांबेनात. सरही वाजवत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "चला, आमच्या दांडग्याला माहेर मिळालं एकदाचं." हसले. मीच रडले.

१८ मार्च
काकूंचा फोन. "अगं, त्या ताऱ्याच्या सगळ्या वह्या रद्दीत घातल्या यांनी. म्हणाले, आता काय करायच्यात! कपाट मोकळं झालं बघ." आवाज हसरा ठेवायचा प्रयत्न करत होत्या.

१९ मार्च
शोधनिबंधात घालायचं म्हणून सगळा हिशेब हातानं मांडला. पायरी पायरीनं.

गुच्छ स्वतःही सरकत असतो. त्याची गती ताऱ्याच्या गतीतून वजा करायची. माझ्या प्रोग्रॅमनं ती अधिक केलीय.

वजा केली. तीनदा. तारा त्या गुच्छाच्या आसपासही फिरकत नाही. दुसऱ्या कुठल्याही गुच्छाच्या नाही. म्हणजे सरच बरोबर होते.

सरांच्या जिन्यात बसून लिहितेय. आतून बोलण्याचा आवाज येतोय. बेल वाजवते.