ईदच्या सुटीतलं मूल

चिखली,
शुक्रवार, दुपार

प्रिय तौफिक,

मला पत्र लिहायची सवय नाही आणि तुला वाचायची नाही. फोन मी मुद्दाम करत नाही. फोनवर मी बोलायला लागले की भाषण होतं असं तूच म्हणतोस, आणि भाषण सुरू झालं की 'अम्मी, असेंब्ली लाइनवर बोलावतायत' म्हणून ठेवून देतोस. इकडचं सांगायचं तर पाणी अजून दिवसाआडच येतं. तुझ्या अब्बांनी बरेच दिवस गॅरेज बंद ठेवलं होतं, परवा उघडलं. शटर वर करून आत स्टुलावर बसून राहतात. गिऱ्हाईक आलं की हातातल्या पान्याकडे बघतात आणि 'उद्या या' म्हणतात. साबिया वरच्या खोलीत आहे. ताट नेलं तर जेवते. विचारलं तर उत्तर देते.

जुलैपासून या घरात एकच प्रश्न होता. माझ्या सुनेला, साबियाला, दिवस नेमके कधी राहिले? मूल कुणाचं, हे शब्द तू तोंडातून कधी काढले नाहीस. तू फक्त तारखा विचारत राहिलास. मला त्याचं आश्चर्य वाटायला नको होतं, मापं घेणं हे तुझं कामच आहे. चाकणच्या कारखान्यात क्वालिटी तपासणीत लागलास त्या वर्षी जेवताना डब्याचं झाकण हातात घेऊन तू मला शिकवलं होतंस, की जगात कुठलाच पार्ट तंतोतंत मापाचा नसतो. ड्रॉइंगवर प्रत्येक मापाशेजारी प्लस-मायनस लिहिलेलं असतं, आणि तेवढी मोकळीक दिली नाही तर गिअर अडकून बसेल, फिरणारच नाही. पुढच्याच रविवारी आकुर्डीच्या सभेत मी ते स्टेजवरून सांगितलं. म्हटलं, यंत्राला जेवढी मोकळीक देता तेवढी घरातल्या बाईला द्या! टाळ्या थांबेनात. माझ्या पोराने मला वाक्य दिलं, या आनंदात मी घरी आले होते.

फेब्रुवारीत कंपनीने तुला तमिळनाडूच्या प्लांटवर पाठवलं. साबियाचा हा आपल्या घरातला पहिला रमजान. एकही रोजा सुटू नये म्हणून तिने पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या. रमजानमध्ये किती जणी घेतात ते मेडिकलवाल्याला विचार. खालच्या इंदुताई गौरींच्या वेळी घेतात, त्यांच्या दोन्ही सुना घेतात. 'आपलं शरीर नापाक नाही, त्या गोळ्या फेकून द्या' असं मी बायकांना वर्षानुवर्षं सांगत आले, म्हणून माझ्याच सुनेने त्या माझ्यापासून लपवून घेतल्या. मी व्याख्यान देईन याची तिला भीती. मार्चअखेर, ईदच्या आदल्या दिवशी तू आलास आणि तीन आठवडे राहिलास. रोज संध्याकाळी तुम्ही दोघं गाडीवर आळंदीच्या रस्त्याला फिरून यायचात. गोळ्या थांबल्यावर तिला जरासे डाग लागले. ते गोळ्यांमुळे असं समजून तिने ती पाळी धरलीच नाही. पुढे दोन महिने पाळी आली नाही, तेही गोळ्यांवरच ढकललं.

जुलैत दवाखान्यातल्या नर्सने शेवटची पाळी विचारली. साबियाने स्वतःला खरं वाटलं ते सांगितलं, रमजानच्या आधीची. दवाखान्यात आठवडे त्या तारखेपासून मोजतात, मूल राहिल्यापासून नव्हे. कार्डावर आठवडे लिहिले गेले. पोरीने कार्डाचा फोटो काढून तुला पाठवला, खाली फुलंच फुलं लावून. तू तिकडे कॅन्टीनमध्ये बसून उलटे महिने मोजलेस. तुझा हिशोब रमजानच्या तोंडावर जाऊन पोचला, आणि तेव्हा तू तिकडे होतास. तू तिला फोन केला नाहीस. मला केलास. 'अम्मी, तूच हिशोब करून बघ.' मीही बोटं मोजली तौफिक, हे तुझ्यापासून लपवत नाही.

ऑगस्टमध्ये सोनोग्राफी झाली. डॉक्टरबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, कार्डावरच्या आठवड्यांपेक्षा मूल बरंच लहान आहे, गोळ्या वगैरे घेतल्या होत्यास का? साबियाने मान खाली घातली आणि सगळं सांगितलं. मूल एप्रिलच्या मध्याचं होतं. तू घरी होतास! मी रिक्षातूनच तुला फोन लावला. हसत होते, रडत होते, रिक्षावालाही मागे वळून बघत होता. तू शांतपणे विचारलंस, 'किती मागे-पुढे होऊ शकतं म्हणाल्या?' मी भाबडेपणाने सांगितलं, दहाएक दिवस. तू म्हणालास, 'म्हणजे मी निघाल्यानंतरचंही असू शकतं.'

पहिली तारीख तिच्या विरुद्ध होती, ती तू प्लस-मायनस न विचारता पास केलीस. दुसरी तिच्या बाजूची आली, तेव्हा तुला प्लस-मायनस आठवलं. त्याच दिवशी मला कळायला हवं होतं की हा मोजमापाचा प्रश्नच नाही. पण मी तलाकच्या प्रश्नावर मशिदीसमोर उभी राहून बोललेली बाई, कारखान्यांच्या गेटवर बोललेली बाई, मी हरणार कशी? मी पुस्तकं काढली, डॉक्टरबाईंकडून दोन पानं लिहून आणली, रोज तुला काहीतरी पाठवत राहिले. इंदुताई जिन्यात म्हणाल्या, 'अवं शमीमबाई, कशाला त्येला कागदं धाडताय? पोराच्या डोक्यात आकडा न्हाई, किडा हाय.' मी हसले आणि वर जाऊन पुन्हा लिहायला बसले. एका बाईने नवऱ्यापुढे आपल्या पोटाचा पुरावा का ठेवायचा, हा प्रश्न मी शंभर सभांमध्ये विचारलाय. घरात मात्र मी तोच पुरावा गोळा करत होते. आणि साबिया पलीकडच्या खोलीतून सगळं ऐकत होती.

दवाखान्यात दर वेळी पहिला प्रश्न तोच, शेवटची पाळी कधी? कार्डावर एक तारीख खोडून दुसरी लिहिलेली. रांगेतली एक बाई ते बघून म्हणाली, 'अगं बया, हिच्या दोन-दोन तारखा!' आणि बाकीच्या हसल्या. त्यांच्या मनात काही वाईट नसेलही. पण त्यानंतर साबिया तपासणीला गेलीच नाही. 'जाऊन आले अम्मी, सगळं ठीक आहे' असं मला सांगायची, आणि तेवढा वेळ बसथांब्यावर बसून परत यायची. हे मला फार उशिरा कळलं.

नोव्हेंबरात तिचे पाय सुजले, मग चेहरा. डोकं दुखतंय म्हणायची. इंदुताईंनी बघितलं आणि माझ्यावर ओरडल्या, 'पोरीचं त्वांड बघा की! भाषणं कसली करताय?' रिक्षात साबिया माझा हात घट्ट धरून म्हणत होती, 'अम्मी, मला नीट दिसत नाहीये.' रक्तदाब भलताच चढला होता. ती वाचली. बाळाचे ठोके लागले नाहीत. एवढं तुला तेव्हाच कळवलं होतं. पुढचं कळवलं नव्हतं. बाळाची वाढ बघून डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, एप्रिलचंच होतं. माझा नातू समोर कापडात गुंडाळलेला होता, आणि माझा हात फोनकडे गेला, तुला तारीख सांगायला. तो हात मी दुसऱ्या हाताने धरून ठेवला. तुझ्या अब्बांनी त्याला दोन्ही हातांवर कब्रस्तानात नेलं. तिथल्या माणसाने विचारलं, 'किसका है?' अब्बा म्हणाले, 'मेरा.' तो पोटात असताना हा शब्द त्याच्यासाठी कुणी एकदाही उच्चारला नव्हता.

बुधवारी साबियाला तुझा मेसेज आला. 'झालं ते झालं. आता मूलच नाही तर वादही नाही. मी माफ केलं. जानेवारीत सुटी आहे, न्यायला येतो.' तिने फोन माझ्यापुढे धरला आणि विचारलं, 'अम्मी, याला काय लिहू?' सारी दुपार तो फोन आमच्या दोघींच्या मध्ये पडून होता. मला एक वाक्य सुचलं नाही. शेवटी तीच म्हणाली, 'तुम्ही लिहा. मला त्यांच्याशी आता काही बोलायचं नाही.' म्हणून हे पत्र. ती येणार नाही. सोमवारी ती काझींपुढे खुला मागणार आहे, तुझ्यापासून सुटका. मी तिच्या बाजूने उभी राहणार आहे. बाळाचं नाव ठेवलंय. ते तुला कळू नये अशी तिची इच्छा आहे आणि मी ती पाळणार आहे. जानेवारीत तुला यायचं असेल तर ये, तुझं घर आहे, वाढीन. पण मला काही समजावू नकोस, आणि मी तुला समजावेन अशी वाटही बघू नकोस. ज्यांची नावंसुद्धा मला ठाऊक नव्हती अशा किती माणसांची मनं मी वळवायला गेले, आणि माझ्या हाताने वाढवलेल्या एका माणसापाशी मी हरले. आता मला कुणाशीच बोलावंसं वाटत नाही, तुझ्याशीही नाही.

तुझीच, त्याला काही इलाज नाही,
अम्मी