करदोट्यातल्या गाठी

प्रिय विनायक,

पाऊस मोजायचं पत्र्याचं नळकांडं, विहिरीतल्या पाण्यावर तरंगणारा लाकडी ठोकळा, त्याच्या दोरीची कप्पी आणि ती दोरी जिच्यावर सरकते ती खुणांची सागवानी पट्टी. सगळं माझ्या हातचं. ना सुताराकडे शिकलो, ना लोहाराकडे. तू विलायतेहून नकाशे धाडलेस आणि मी करत गेलो. कप्पीचा नकाशा तर चुकलाच होता, तेही तुला कळवलं होतं. आठवतं?

आज लिहायला बसलो, कारण तुझ्या तिथल्या गुरूंचं पत्र आलंय. लढाई संपली, टपालातून आकडे जाऊ लागलेत. ते विचारतात, शेवगावकडच्या विहिरीचे राहिलेले आकडे मिळतील का? मिळाले तर विनायकचा प्रबंध पुरा करून त्याच्याच नावाने छापू. तुझ्याच नावाने! सकाळपासून माझं बूड एका जागी टिकत नाही. उठतो, विहिरीपर्यंत जातो, परत येतो.

लढाईत इकडे काय चाललं होतं, ते तुला उघड लिहिताच आलं नाही. माझी आकड्यांची पत्रं सरकारी तपासनिसांनी अडवली. मग दारात हवालदार!

"हे आकडे कशाचे?"

"विहिरीच्या पाण्याचे."

"आमच्या गावात पानी न्हाई, ती बोंब कचेरीपतुर पोचत न्हाई. आन् तुमचं पानी थेट विलायतेला निघालंय व्हय?"

मलाही हसू आलं. पण जाताना तो बजावून गेला, "पुन्यांदा आकडे दिसले तर तुमालाच नगरला न्यावं लागंल."

तेव्हा मी करदोटा वळला. काळ्या सुताचा, घट्ट पिळाचा. दर महिन्याची एक गाठ, आणि दोन गाठींमधलं बोटभर अंतर म्हणजे हातभर उतरलेलं पाणी. भावानं भावाला करदोटा पाठवला तर कोण अडवणार? सोबत एवढंच लिहिलं, 'नीट निरखून बघ.'

आणि तुझं उत्तर काय? 'अण्णा, करदोटा मिळाला, बांधला, अगदी मापात बसला. आकडे कधी पाठवताय?'

अरे, मापात काय! कमरेला गाठी टोचल्या नाहीत? आणखी उघड लिहायची सोय नव्हती. किती चडफडलो असेन त्या दिवशी!

त्यानंतर आलेलं पत्र तुझं नव्हतंच. आई रोज बॉम्बला भ्यायची, आणि तू गेलास निमोनियानं. परक्या घरात, भर थंडीत.

आपल्याकडे माणूस गेलं की चितेवर ठेवण्याआधी करदोटा तोडतात. तिथं कुणाला ठाऊक असणार? "माझ्या लेकराचा करदोटा कुणी तोडला का रे?" आई अजून विचारते. मला मात्र भलतंच छळतं. अंथरुणात पडल्या पडल्या तुझं बोट एखाद्या गाठीवर अडलं असेल का? मग दुसऱ्या गाठीवर? कळलं असेल का तुला, की अण्णानं एकही महिना चुकवला नव्हता? का रे नीट बघितलं नाहीस? की बघितलंस, आणि लिहायला वेळच उरला नाही?

आता आकडे स्वच्छ अक्षरात उतरवतो आणि स्वतः नगरच्या टपालकचेरीत नेऊन माझ्यादेखत शिक्का मारून घेतो. प्रबंधावर तुझ्याखेरीज कुणाचं नाव लागू देणार नाही, हा शब्द दिला. आणि विहीर आटली तरी मापं थांबणार नाहीत, तळ मोजीन.

आणखी एक, हे आईला सांगितलेलं नाही. काल पुण्याहून एक गृहस्थ आले होते, त्यांना याच विषयात पदवी हवी आहे. म्हणाले, "गेलेल्या माणसाला नावाचा काय उपयोग, अण्णासाहेब? आकडे मला द्या, मी माझ्या नावाने पुरं करतो." तेव्हा गुरूंचं पत्र आलेलं नव्हतं. हे आकडे कधी कुणी मागेल, याची आशाही मी सोडली होती. त्यांना चहा दिला आणि नाही म्हणालो. दोन हजार रुपये देत होते, रोख.

तुझी वाट बघायची सवय न सुटलेला,
अण्णा