मागचं दार

नाचणगाव, शुक्रवार, १४ फेब्रुवारी १९८६

नागपूरला जाऊन दोन्ही छोट्या गाड्या पाहून आलो. एकीला डिक्की आहे. दुसरीला नाही, तिचं मागचं दार वर उघडतं. दुकानदाराने सीट आडवी करून दाखवली. आईला दर आठवड्याला वर्ध्याच्या दवाखान्यात न्यायचं, कमरेमुळे तिला फार वेळ बसवत नाही. हिच्यात पाय लांब करून निजेल. मनात हीच पक्की केली.

थकून घरी आलो, आईला मागचं दार समजावलं. म्हणाली, "मले मागून भरतं काय रे? मी का सरकीचं पोतं आहो? मी समोर बसून येईन, तुह्या बाजूले."

आधी हसलो. मग हसू टिकलं नाही. मागच्या दाराने माणसाला आडवं कधी नेतात, हे मला दुकानात का सुचलं नाही? तिची सोय पाहत होतो, की तिचं बसणं संपलं असंच धरून बसलो होतो?

डिक्कीवालीत निजायला जागा नाही. तिला बसावंच लागेल.

तरी तीच घेतो, आईला आडवं न्यायची सोय आधीच करून ठेवायची नाही. दिवा लावताना आज दुसरं काही मागितलं नाही. तिला बसता येवो, एवढंच.